३०० शत्रू, ८ कोअर आणि २८ मिलिसेकंद: गेममध्ये मल्टिथ्रेडिंग करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघं मिळून युनिटी या गेम इंजिनमध्ये मोबाइलसाठी गेम करताय. कॅमेरा वरून पाहणारा, मैदानात एका वेळी साधारण ३०० शत्रू. कॉम्प्युटरवर गेम छान पळतो, पण ८ कोअरच्या (म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे आठ भाग असलेल्या) स्वस्त अँड्रॉइड फोनवर एका फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या एका चित्राला, २८ मिलिसेकंद लागतात. एक कोअर पूर्ण भरलेला दिसतो, बाकीचे सात जवळजवळ रिकामे. एका अनुभवी मित्राचा सल्ला आहे, ‘सगळं मल्टिथ्रेडिंगमध्ये टाका,’ म्हणजे काम एकाच वेळी चालणाऱ्या अनेक धाग्यांत (थ्रेडमध्ये) वाटून वेगवेगळ्या कोअरवर चालवा. टाकावं का?

माझं उत्तर: आत्ता नको. आधी कामच कमी करता येतं का ते पाहा. त्यानंतरही गरज उरली, तर एका छोट्या, नीट आखलेल्या जागी जरूर करा. थ्रेडची भीती घालायची म्हणून मी हे सांगत नाही. माझ्या कामाची बरीच वर्षं इंजिनच्या याच भागात गेली आहेत आणि हे काम मला मनापासून आवडतं. पण कोअर रिकामे दिसतात एवढ्याच कारणावरून थ्रेड सुरू केलेले प्रकल्प मी पाहिले आहेत. त्यातल्या बहुतेकांना ते पुढे काढून टाकावे लागले.

आधी हिशेब. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, ३० चालणार असतील तर ३३.३३. तुमचे २८ यांच्या मधे आहेत. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर १६.६७ ची वेळ चुकली की फ्रेम पुढच्या रिफ्रेशपर्यंत थांबते, त्यामुळे खेळणाऱ्याला ३० च दिसतात. म्हणजे २८ चे २० केले तरी त्याला काहीच फरक कळणार नाही. १६ च्या खाली जायला हवं, आणि फोन तापल्यावरही तिथे टिकायला हवं. म्हणून मी स्वतःसाठी १३-१४ चं लक्ष्य ठेवते.

मग हे २८ मिलिसेकंद कोण खातंय? रेंडरिंगचं रिझोल्यूशन अर्धं करून गेम चालवा. फ्रेम झटकन सुधारली तर अडचण जीपीयूची, म्हणजे चित्र काढणाऱ्या चिपची, आहे आणि सीपीयूवर (मुख्य प्रोसेसरवर) कितीही थ्रेड लावले तरी ढिम्म फरक पडणार नाही. प्रोफायलरमध्ये (कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या साधनात) मेन थ्रेड, म्हणजे गेमचा मुख्य धागा, ‘वेट फॉर प्रेझेंट’मध्ये बराच वेळ बसलेला दिसला तर तो बहुधा जीपीयूची किंवा स्क्रीनच्या रिफ्रेशची वाट पाहत असतो. तो वेळ कामाचा समजून लोक दिवसच्या दिवस चुकीचा कोड सुधारत बसतात. हे मोजमाप एडिटरमध्ये करू नका, फोनवर बिल्ड टाकून करा.

तुम्ही दिलेल्या आकड्यांत शत्रूंची हालचाल १७, फिजिक्स ३, रेंडरिंगची तयारी ४ आणि यूआय (स्क्रीनवरची बटणं, मेन्यू) वगैरे ४ मिलिसेकंद आहे. म्हणजे दोष सीपीयूकडेच आहे आणि एकाच जागी आहे, ही चांगली बातमी. आता त्या १७ मध्ये काय चाललंय ते बघू. तुम्ही लिहिलंय की शत्रू एकमेकांवर चढू नयेत म्हणून प्रत्येक जण दर फ्रेमला बाकी सगळ्यांपासूनचं अंतर तपासतो. ३०० जणांनी २९९ जणांना तपासायचं म्हणजे ८९,७०० तपासण्या. एका जोडीला एकदाच तपासलं तरी ४४,८५०. चार कोअर अगदी आदर्शपणे वापरले तर हे काम चौपट लवकर होईल, पण शत्रू ६०० केले की कामही चौपट होईल आणि तुम्ही परत होतात तिथेच याल.

त्याऐवजी मैदानावर चौकटींचं जाळं टाका. एका चौकटीची बाजू ‘किती जवळ आलं की बाजूला सरकायचं’ त्या अंतराएवढी ठेवा. दर फ्रेमला प्रत्येक शत्रूची नोंद त्याच्या चौकटीत करा आणि तपासताना त्याची चौकट व भोवतालच्या आठ एवढ्याच पाहा. तिथे सरासरी दहा शेजारी सापडले तर ८९,७०० च्या जागी ३,००० तपासण्या होतात. एका कोअरवर, एकही थ्रेड न लावता. तसंच प्रत्येक शत्रूचा रस्ता दर फ्रेमला नव्याने शोधायची गरज नसते. दहा गट पाडा आणि एका फ्रेममध्ये ३० जणांचाच रस्ता काढा. सेकंदाच्या सहाव्या भागाने उशिरा वळलेला शत्रू खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. माझा अंदाज असा की एवढ्यानेच ते १७ मिलिसेकंद ३-४ वर येतील. खात्री तुमचा प्रोफायलर देईल.

आता थ्रेडनेच सोडवायचं म्हटलं असतं तर काय झालं असतं? जीन अ‍ॅमडाल या संगणक अभियंत्याने १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा इथे चपखल बसतो: कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी वेग ठरवतो. तुमच्या २८ पैकी १७ वाटता येतात, ११ नाहीत. चार कोअरवर १७ चे सव्वाचार होतील आणि बेरीज १५.२५, म्हणजे सगळं कागदावरच्यासारखं घडलं तर जेमतेम उंबरठ्याच्या आत. अगणित कोअर मिळाले तरी ११ च्या खाली जाता येणार नाही.

आणि फोनवर कागदावरच्यासारखं घडत नाही. जाहिरातीतले ८ कोअर एकसारखे नसतात. मीडियाटेकच्या हेलिओ जी८५ चंच उदाहरण घ्या: त्यात २ कोअर दमदार कॉर्टेक्स-ए७५ आहेत आणि ६ कोअर वीज वाचवणारे कॉर्टेक्स-ए५५. काम चार सारख्या वाट्यांत विभागलं आणि त्यातले दोन वाटे छोट्या कोअरकडे गेले, तर फ्रेम त्या छोट्यांसाठी थांबते. म्हणून वाटे मोठे करू नयेत. ३०० शत्रूंचे १६-१६ किंवा ३२-३२ चे तुकडे करावेत, म्हणजे ज्याचं आधी आटोपेल तो पुढचा तुकडा उचलतो. शिवाय उष्णता आहेच. सगळे कोअर सतत जुंपले की काही मिनिटांत फोन तापतो आणि सिस्टिम वेग खाली आणते. पहिल्या दोन मिनिटांचं मोजमाप म्हणूनच फसवं असतं. अर्धा तास खेळवून मोजा, तेही चार्जर लावून एकदा आणि न लावता एकदा.

तुमचा मित्र मोठ्या स्टुडिओंचे दाखले देत असेल. ते खरेच आहेत, पण त्यांनी ते का केलं हे पाहायला हवं. १९९९ च्या क्वेक ३ मध्ये ‘आर_एसएमपी’ नावाची सेटिंग होती. दोन प्रोसेसर असलेल्या मशीनवर एक थ्रेड पुढच्या फ्रेमची तयारी करायचा आणि दुसरा आधीची फ्रेम काढायचा. पण ती हवी त्याने चालू करायची सोय होती, सक्ती नव्हती. सक्ती आली ती कन्सोलमुळे. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये तीन कोअर होते. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मधल्या सेल प्रोसेसरमध्ये एक मुख्य कोअर आणि गेमला वापरता येणारे सहा मदतनीस कोअर होते, आणि त्या मदतनिसांची स्वतःची छोटी वेगळी मेमरी होती. काम तुकड्यांत तोडून तिकडे पाठवलं नाही तर मशीनची बहुतेक ताकद वायाच जायची. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये आठ कोअर आले, पण प्रत्येकाचा वेग फक्त १.६ गिगाहर्ट्झ. एका कोअरवर मोठा गेम ६० फ्रेमने चालवायचा मार्गच उरला नव्हता.

नॉटी डॉग या स्टुडिओच्या ख्रिश्चन गायर्लिंग यांनी जीडीसी या गेम डेव्हलपरांच्या परिषदेत २०१५ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस रीमास्टर्ड’ प्लेस्टेशन ४ वर कसा बसवला ते सविस्तर सांगितलं होतं. सहा कोअरवर सहा वर्कर थ्रेड (वाटून दिलेली कामं करणारे धागे), १६० फायबर (मधेच थांबवून पुढे चालू करता येणारे हलके धागे), आणि एका फ्रेममध्ये ८०० ते १,००० छोटे जॉब, म्हणजे कामाचे तुकडे. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आकड्यांपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीने थक्क झाले होते. गेमचं लॉजिक एका फ्रेमवर काम करत असताना रेंडरिंगची तयारी त्याच्या आधीच्या फ्रेमवर आणि जीपीयू त्याच्याही आधीच्या फ्रेमवर, अशी साखळी त्यांनी लावली होती. फ्रेमची संख्या वाढते, पण बटण दाबल्यापासून स्क्रीनवर दिसेपर्यंतचा उशीरही वाढतो. साखळीतला एक टप्पा म्हणजे ६० च्या वेगाला आणखी १६.६७ मिलिसेकंद. शांतपणे चालणाऱ्या कथेच्या गेममध्ये ते खपतं. तालावर टॅप करायच्या गेममध्ये किंवा मारामारीच्या गेममध्ये मी त्याला सहज हो म्हणणार नाही.

आता समजा जाळं टाकलं, गट पाडले, तरी वेळ कमी पडतोय. मग काम कसं वाटायचं? पंगतीत वाढायच्या दोन पद्धती आठवा. एकीत भातवाला, वरणवाला, तूपवाला एकामागोमाग एक फिरतात. भाताशिवाय वरण वाढता येत नाही, त्यामुळे भातवाला रेंगाळला की मागचे सगळे भांडं धरून उभे. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक रांगेला एक वाढपी आणि त्या रांगेचं सगळं तोच बघतो. नवशिके जवळजवळ नेहमी पहिल्या पद्धतीने जातात: एआयचा एक थ्रेड, फिजिक्सचा एक, अ‍ॅनिमेशनचा एक. दिसायला ते सुटसुटीत वाटतं, पण तिघेही त्याच शत्रूंच्या त्याच जागा वाचतात आणि बदलतात, त्यामुळे मग लॉक लागतात (एक जण वापरत असताना बाकीच्यांना अडवणारी कुलपं), आणि लॉकसाठी थांबण्यातच वेळ जातो. गेममध्ये फळाला येते ती दुसरी पद्धत. एकच काम, पण ० ते ३१ क्रमांकाचे शत्रू एका जॉबकडे, ३२ ते ६३ दुसऱ्याकडे.

त्यातही एक नियम पाळला तर लॉक लागतच नाही. जुनं वाचायचं, नवं लिहायचं, आणि लिहायचं ते फक्त स्वतःच्या खान्यात. शत्रूंच्या जागांचे दोन अ‍ॅरे (क्रमांकाने लावलेल्या याद्या) ठेवा, मागच्या फ्रेमचा आणि या फ्रेमचा. मागचा अ‍ॅरे सगळे जॉब वाचू शकतात, कारण तो कुणीच बदलत नाही. नव्या अ‍ॅरेत ५७ क्रमांकाच्या शत्रूची जागा फक्त त्याचाच जॉब लिहितो. फ्रेम संपली की दोन्हींची अदलाबदल. शत्रूने दुसऱ्याला इजा करायची असेल तर जॉबमधून थेट त्याचं आयुष्य कमी करू नका. ‘५७ ने ११२ ला १० इजा केली’ अशी नोंद ठेवा आणि सगळे जॉब संपल्यावर मेन थ्रेडवर त्या नोंदी क्रमाने लागू करा. मल्टिथ्रेडिंग करावं की नाही याची माझी खरी कसोटी हीच आहे. कोण काय वाचतो आणि कोण काय लिहितो हे एका कागदावर मांडता आलं तर करा. मांडता येत नसेल, तर कोडची रचना अजून त्यासाठी तयार नाही.

एक बारकावा राहिला. प्रत्येक थ्रेडसाठी एकेक मोजणीचा आकडा एकाच अ‍ॅरेत शेजारी शेजारी ठेवला तर लिहिणारे वेगवेगळे असूनही वेग पडतो. प्रोसेसर मेमरी एकेका आकड्याने हलवत नाही, बहुतेक ठिकाणी ६४ बाइटच्या ओळीने हलवतो. १६ इंटिजर एका ओळीत बसतात आणि ती ओळ कोअरमध्ये चेंडूसारखी इकडून तिकडे फिरत राहते. बेरीज स्थानिक व्हेरिएबलमध्ये करा आणि शेवटी एकदाच बाहेर लिहा.

हे सगळं मी इतक्या आग्रहाने का सांगते, त्यामागे एक बग आहे. मी पूर्वी जिथे काम करत होते तिथे सी++ मधलं स्वतःचं इंजिन होतं. लोडिंगचा थ्रेड मॉडेलची माहिती भरायचा आणि शेवटी ‘तयार’ हा साधा बूलियन (खरं किंवा खोटं एवढंच सांगणारा व्हेरिएबल) खरा करायचा. मेन थ्रेड तो पाहून मॉडेल वापरायचा. डेस्कटॉपवर ते कित्येक महिने बिनतक्रार चाललं. फोनवर गेल्यावर मात्र अधूनमधून अर्धवट मॉडेल दिसायचं किंवा गेम क्रॅश व्हायचा. शोधायला लॉगची एक ओळ टाकली की बग गायब, ओळ काढली की परत. कारण कळायला दोन आठवडे गेले. डेस्कटॉपमधला एक्स८६ प्रोसेसर एका कोअरने केलेली लेखनं इतर कोअरना क्रमानेच दाखवतो. फोनमधल्या एआरएमवर तशी हमी नाही, त्यामुळे ‘तयार’ आधी दिसतो आणि माहिती मागून येते. कोड पहिल्या दिवसापासून चुकीचा होता, डेस्कटॉपने फक्त ती चूक झाकली होती. आम्ही तो बूलियन अ‍ॅटॉमिक केला, लिहिताना रिलीज आणि वाचताना अ‍ॅक्वायर लावलं, म्हणजे ‘तयार’ दिसला की त्याआधी लिहिलेली माहितीही दिसलीच पाहिजे असं प्रोसेसरला बजावलं, आणि प्रश्न मिटला. कुणी ‘व्होलाटाइल’ लावा म्हणालं तर ऐकू नका. सी++ मध्ये ते यासाठी नाहीच. आता मी क्लँग कंपायलरचा थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडच्या अशा चुका पकडणारं साधन) लावल्याशिवाय असा कोड मुख्य कोडमध्ये मिसळत नाही.

काही कामं मात्र पहिल्या दिवसापासून वेगळ्या थ्रेडवर हवीत आणि त्यावर वाद नाही. फाइल वाचणं आणि उलगडणं, नेटवर्कची वाट पाहणं, आवाज. आवाजाचा थ्रेड तर इंजिन तुम्हाला न विचारताच चालवत असतं. ४८,००० हर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद, तेवढ्यात पुढचा बफर भरला नाही की कानाला ‘टक्’ ऐकू येतं. फ्रेम चुकलेली खेळणाऱ्याच्या नजरेतून सुटू शकते, हा टक् सुटत नाही. त्या थ्रेडवर कोड लिहायची वेळ आली तर तिथे लॉक घेऊ नका, मेमरी मागू नका, फाइल उघडू नका.

रस्ता शोधणं हेही बाहेर काढायला उत्तम काम आहे, कारण उत्तर याच फ्रेमला हवं असं नसतं. फक्त उत्तर येईपर्यंत तो शत्रू मेलेला असू शकतो आणि त्याच्या जागी त्याच क्रमांकाचा नवा शत्रू आलेला असू शकतो. म्हणून क्रमांकासोबत पिढीचा आकडाही पाठवा. जागा पुन्हा वापरली की पिढी एकने वाढवायची. परत आलेल्या उत्तराची पिढी जुळली नाही तर ते टाकून द्यायचं.

पुढे मल्टिप्लेअर करायचा विचार असेल तर अजून एक गोष्ट. १९९७ च्या एज ऑफ एम्पायर्सपासून कितीतरी स्ट्रॅटेजी गेममध्ये सगळ्या मशीन तेच गणित स्वतंत्रपणे करतात आणि नेटवर्कवरून फक्त खेळाडूंच्या आज्ञा जातात. तिथे सगळीकडे उत्तर शेवटच्या बिटपर्यंत सारखं यावं लागतं, आणि दशांश संख्यांची बेरीज क्रम बदलला की बदलते. ३२ बिटच्या फ्लोटमध्ये १० कोटींत १ मिळवून १० कोटी वजा करा, उत्तर ० येतं. आधी वजा करून मग १ मिळवा, उत्तर १ येतं. कोणता थ्रेड आधी संपला यावर बेरजेचा क्रम ठरत असेल, तर दोन फोनवर दोन वेगळी युद्धं सुरू होतील. उपाय वर आलाच आहे: ज्याने त्याने आपल्या खान्यात लिहायचं आणि बेरीज एकाच थ्रेडवर, क्रमांकाच्या क्रमाने.

युनिटीत स्वतः थ्रेड तयार करत बसू नका. २०१८ पासून काम जॉबमध्ये वाटून देणारी जॉब सिस्टिम आहे, तीच वापरा, सोबत त्या जॉबचा कोड जलद करणारा युनिटीचा बर्स्ट कंपायलर लावा. बर्स्टमुळे तेच गणित एका कोअरवरही इतकं जलद होऊ शकतं की वाटणीची गरजच उरत नाही, हे मी एकापेक्षा जास्त वेळा अनुभवलंय. दोन जॉब एकाच नेटिव्ह अ‍ॅरेत (जॉबना वापरता येणाऱ्या युनिटीच्या अ‍ॅरेत) लिहू लागले तर एडिटर लगेच एरर देतो. ती एरर गप्प करायचे अ‍ॅट्रिब्यूट आहेत, ते लावायचा मोह टाळा. गेमऑब्जेक्ट (गेममधली वस्तू) आणि ट्रान्सफॉर्मला (तिची जागा व दिशा) साध्या थ्रेडवरून हात लावता येत नाही, म्हणून जागा आधी साध्या आकड्यांच्या अ‍ॅरेत काढून घ्याव्या लागतात. खरी मेहनत तिथेच आहे. आणि जॉब शेड्यूल (सुरू) केल्या केल्या पुढच्याच ओळीत कम्प्लीट (तो संपेपर्यंत थांब) लिहू नका, तसं केलं तर मेन थ्रेड तिथेच खोळंबतो. दर फ्रेमला चालणाऱ्या अपडेट फंक्शनच्या सुरुवातीला काम द्या, मधे यूआय वगैरे उरका, आणि त्यानंतर चालणाऱ्या लेट अपडेटमध्ये निकाल घ्या.

वर्कर थ्रेडची संख्या शून्य करता येईल असा एक स्विच डीबग मेन्यूमध्ये आत्ताच ठेवा. टेस्टरने विचित्र बग आणला की पहिलं काम तो स्विच दाबणं. बग तरीही आला तर दोष साध्या कोडमध्ये शोधा. गेला तर ‘कोण काय लिहितो’ तो कागद काढा.

तर या आठवड्यात जाळं आणि दहा गट एवढंच करा, फोनवर अर्धा तास खेळून मेन थ्रेडचा आकडा लिहून ठेवा. तो १४ च्या आत टिकला तर जॉब सिस्टिमला हात न लावता गेमच्या बाकीच्या कामाला लागा. १४ ते २० च्या मधे अडकला तर शत्रूंचा सरकण्याचा लूप बर्स्टमध्ये न्या, आधी एकाच जॉबमध्ये, मग ३२-३२ च्या तुकड्यांत, आणि दोन्हींचे आकडे वेगवेगळे लिहा. २० च्या वर राहिला तर माझा अंदाज चुकला. मग प्रोफायलरच्या त्या १७ मिलिसेकंदांच्या पट्टीच्या आत नेमकी कोणती फंक्शन आहेत ते उघडून पाहा आणि मला त्यांची नावं कळवा.